रात्री मीटर थांबतं, तरी पाणी जातं: एका शाळेतल्या गळतीचं प्रकरण

शाळेची इमारत तळमजला अधिक दोन मजल्यांची आणि विद्यार्थी सहाशेच्या आसपास. सार्वजनिक जलवाहिनीचं पाणी मीटरमधून जमिनीखालच्या हौदात येतं. हौदातला पाणबुडी पंप ते गच्चीवरच्या दोन टाक्यांत चढवतो आणि तिथून ते उताराने सगळ्या नळांना, फ्लशना मिळतं. हौद दहा हजार लिटरचा, लांबी २.५ मीटर, रुंदी २ मीटर, खोली २ मीटर. गच्चीवरच्या टाक्या पाच-पाच हजारांच्या, व्यास १.८ मीटर, तळाशी पाइपने एकमेकींना जोडलेल्या. टाकीतली पातळी ५० सेंटीमीटरने उतरली की फ्लोट स्विच पंप आपोआप सुरू करतो. दोन साठे असलेल्या बहुतेक शाळांत थोड्याफार फरकाने हीच मांडणी असते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडलं आहे.

देखभाल कर्मचारी दर सोमवारी सकाळी मीटरचा आकडा वहीत उतरवत होता. आठवड्याचा वापर बरेच महिने ६० घनमीटरच्या (एक घनमीटर म्हणजे हजार लिटर) जवळपास होता, म्हणजे शाळेच्या पाच दिवसांत रोज साधारण १२. मग एका सोमवारी तो ७४ भरला, पुढच्या सोमवारी पुन्हा ७४. मुलं तेवढीच, ऊनही तसंच, बागेला जास्तीचं पाणी दिलेलं नाही. ही वही नसती तर फरक दोन महिन्यांनी बिलातच दिसला असता, आणि तोवर नेमका कुठल्या आठवड्यात काय बिघडलं हे शोधायला धागाच उरला नसता.

पहिले दोन आठवडे कुठे वाया गेले

सुरुवात नळांपासून झाली. तळमजल्यावरच्या सगळ्या म्हणजे अठरा नळांचे वॉशर बदलले. आकडा हलला नाही. ठिबकणारा नळ डोळ्यांना दिसतो, त्यामुळे संशय आधी त्याच्यावर जातो. पण आठवड्याला १४ घनमीटर म्हणजे तासाला ८३ लिटर, मिनिटाला जवळजवळ दीड लिटर. एवढं पाणी नळांतून जात असतं तर कुठलं तरी बेसिन सतत वाहताना दिसलंच असतं. हा भागाकार पाना हातात घेण्याआधी कागदावर करायला हवा होता.

मग नेहमीची तपासणी झाली. संध्याकाळी पाचला मीटर वाचलं, सकाळी सातला पुन्हा वाचलं. आकडा तोच. मीटरच्या तबकडीवरची छोटी चांदणी बारीक प्रवाहालासुद्धा फिरते, तीही थांबलेली. यावरून दोन निष्कर्ष निघाले: रात्री गळती नाही, म्हणजे पाणी दिवसा कुणीतरी जास्त वापरतं आहे. दोन्ही चुकीचे. मुलांना सूचना गेली, शिक्षकांनी मधल्या सुट्टीत नळांपाशी पहारा ठेवला. त्यातून हाती काहीच लागलं नाही.

थेट जोडणीच्या घरात रात्रीच्या मीटरची ही परीक्षा बिनचूक आहे. जिथे मधे साठे आहेत तिथे ती फसवते. मीटर फक्त हौदात येणारं पाणी मोजतं. हौद भरलेला असला की बॉल व्हॉल्व्ह (तरंगत्या गोळ्याने आपोआप मिटणारी झडप) बंद आणि मीटर स्थिर. गच्चीवरच्या टाकीतून रात्रभर पाणी गेलं तरी ते साठ्यातलं असतं. त्याची भरपाई सकाळी पंप चालू झाल्यावर होते, तेव्हा मुलंही नळांवर असतात आणि गळतीचं पाणी वापराच्या पाण्यात मिसळून जातं. अशा शाळेत मीटरच्या जोडीला दोन्ही साठ्यांची पातळी मोजल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही.

यानंतर मैदानाखालची पुरवठा वाहिनी खोदायचं घाटत होतं. ते टळलं, कारण मुख्याध्यापकांनी आधी शनिवार-रविवारी पद्धतशीर मोजणी करायला सांगितलं.

मोजणीची मांडणी

साधनं साधीच होती: २ मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी, खडू, टॉर्च, वही. पट्टीला खडू फासून ती पाण्यात सोडली की ओल्या रेषेवरून पातळी मिलिमीटरपर्यंत वाचता येते. हे पिण्याचं पाणी आहे, म्हणून पट्टी आधी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन घ्यायची. मोजायचं टाकीच्या काठावर केलेल्या एकाच खुणेपासून, प्रत्येक वेळी तीनदा. हौदात उतरायचं नाही, मोजमाप झाकणातूनच घ्यायचं. बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो आणि आत एकटा उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर वर कुणाला कळतही नाही. झाकण उघडं असेपर्यंत एक माणूस तिथून हलणार नाही आणि काम संपलं की कुलूप, हे सुट्टीच्या दिवशीही पाळायचं, कारण मैदानावर खेळायला मुलं सुट्टीतच जास्त येतात.

पातळीचं लिटरमध्ये रूपांतर आधीच करून ठेवलं. हौदाचा तळ ५ चौरस मीटर, म्हणजे १ सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० लिटर. गच्चीवरच्या दोन टाक्यांचं मिळून क्षेत्र ५.०९ चौरस मीटर, १ सेंटीमीटरला ५१ लिटर.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता स्थिती अशी केली. गच्चीवरच्या टाक्या काठोकाठ भरल्या. हौदाची पातळी ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या) तोंडापासून मुद्दाम ४० सेंटीमीटर खाली ठेवली. पंपाचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडून त्यावर «काम चालू आहे» अशी पाटी अडकवली. हौदाच्या तोंडाशी, बॉल व्हॉल्व्हच्या आधी असलेला गेट व्हॉल्व्ह बंद केला. गच्चीवरून खाली जाणारे व्हॉल्व्ह उघडेच ठेवले आणि सगळे नळ बंद आहेत ना हे मजल्यागणिक फिरून पाहिलं.

हौद अर्धवट रिकामा ठेवण्यामागे कारण आहे. भरलेल्या हौदात पाणी वाढलं तर ते ओव्हरफ्लोने निघून जातं आणि पट्टीवर काहीच दिसत नाही.

बारा तासांनी

शनिवारी सकाळी सातला मीटर जिथल्या तिथे होतं. म्हणजे मीटरपासून हौदापर्यंतची जमिनीखालची वाहिनी निर्दोष, खोदकामाचा विषय संपला. गच्चीवरची पातळी २३.५ सेंटीमीटरने उतरली होती, म्हणजे १,२०० लिटर गेले. तासाला १०० लिटर, आणि हे एकही माणूस शाळेत नसताना.

हौदाची पातळी १४.४ सेंटीमीटरने वाढली होती.

गळती शोधणारा माणूस घट शोधत असतो, त्यामुळे वाढ दिसली की आधी पट्टी वाचण्यात चूक झाली असं वाटतं. तीनदा मोजल्यावरही आकडा तोच आला. येणारा व्हॉल्व्ह बंद, मीटर स्थिर, मग हौदात ७२० लिटर आले कुठून? एक शक्यता भूजल भिंतीतून झिरपण्याची, दुसरी गच्चीवरचं पाणी चढत्या पाइपातून परत खाली येण्याची. पहिली खरी असेल तर हौदातली वाढ आणि गच्चीवरची घट यांचा एकमेकींशी संबंध नसेल. म्हणून शनिवारी रात्री तीच मांडणी पुन्हा केली, फक्त गच्चीवरून खाली जाणारे व्हॉल्व्ह बंद ठेवले. रविवारी सकाळी गच्चीवरची घट १४ सेंटीमीटर, हौदातली वाढ पुन्हा १४.४. लिटरमध्ये दोन्ही ७२० च्या जवळ. वरचंच पाणी खाली येत होतं.

दोन रात्रींच्या वजाबाकीतून गळतीचे दोन वाटे स्पष्ट झाले: तासाला ६० लिटर परत हौदात, तासाला ४० लिटर इमारतीत कुठेतरी.

पाणी उलटं का आलं

चढत्या पाइपावर, पंपाच्या वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, पाणी फक्त वर जाऊ देणारी झडप. तो थोडासा गळतो हे काही नवल नाही, आणि गळला तरी एरवी फक्त पाइपातलं पाणी खाली उतरतं. ४० मिलिमीटरच्या पाइपात १२ मीटर उंचीला ते जेमतेम १५ लिटर. टाकीतलं पाणी खाली यायचं तर पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं हवं. टाकीचं झाकण उघडल्यावर ते तसंच निघालं. आत येणाऱ्या पाइपाला एल्बोनंतर (काटकोनी जोडानंतर) लांब तुकडा जोडलेला होता आणि तो तळापासून ५० सेंटीमीटरवर संपत होता.

हा तुकडा कुठून आला हे वहीतच सापडलं. वापर वाढायच्या आधीच्या सुट्टीत टाक्या धुतल्या होत्या. टाकीच्या बरोबर खालच्या वर्गातल्या बाईंची जुनी तक्रार होती की पंप चालू झाला की वर पाणी कोसळतं आणि शिकवलेलं मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. त्या मागणीत काही गैर नव्हतं. टाकी रिकामीच आहे तर पाइप खाली वाढवून टाकू, असं टाकी धुणाऱ्यांनी केलं. आवाज बंद झाला आणि त्याच दिवशी टाकीला सायफन बसला, म्हणजे भरलेल्या पाइपातून टाकीचं पाणी आपोआप खाली ओढलं जाण्याची सोय झाली. पंप थांबला की भरलेल्या पाइपाचं एक टोक टाकीच्या पाण्यात आणि दुसरं गळक्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपाशी. बुडालेलं टोक उघडं पडेपर्यंत पाणी वाहतच राहणार, आणि ते उघडं पडण्याच्या खूप आधी, पातळी ५० सेंटीमीटरने उतरताच, पंप टाकी पुन्हा भरत होता.

परत आलेलं पाणी हौदात राहिलं असतं तर नुकसान फक्त विजेचं होतं. दिवसा तसंच घडायचं, कारण वापरामुळे हौदात जागा असायची. संध्याकाळनंतर हौद भरलेला, त्यामुळे ते पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून बाहेर पडायचं. हा पाइप थेट गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला होता आणि चेंबरवर लोखंडी झाकण. तासाला ६० लिटर कुणाच्याही नजरेला न पडता जात होते.

सायफनची खात्री रविवारी दुपारी झाली. पाण्याच्या पातळीच्या वर, टाकीच्या आत असलेल्या पाइपावर ६ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि त्याच्याजवळ पातळ कागदाची पट्टी धरली. पट्टी ओढली जाऊन भोकाला चिकटली. पाइपात हवेपेक्षा कमी दाब होता, तो हवा आत खेचत होता. मिनिटभराने ओढ थांबली, पट्टी गळून पडली, आणि त्यानंतर हौदाची पातळी जागची हलली नाही.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

इथे क्रम चुकला तर पंपाच्या खोलीत पूर येतो. सायफन चालू असताना खाली नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं युनियन (खोलता येणारा जोड) सैल केलं तर १५ लिटरवर भागत नाही. टाकी पाइपाच्या तोंडापर्यंत, म्हणजे सात हजार लिटरच्या आसपास, खाली उतरायला लागते. म्हणून आधी गच्चीवर जाऊन टाकीतला वाढवलेला तुकडा कापला. तोंड आता ओव्हरफ्लोच्या पातळीच्या ८ सेंटीमीटर वर आहे. पाइपाच्या व्यासाच्या किमान दुप्पट हवेचं अंतर ठेवायचं हा सर्वसाधारण नियम आहे, ४० मिलिमीटरला ८० मिलिमीटर. नुसतं भोक ठेवूनही सायफन तुटतो, पण पंप चालू असताना त्यातून पिचकारी उडते आणि काही महिन्यांत भोक क्षाराने बुजलं की मूळ दुखणं परत येतं. कापणंच बरं.

आवाजाचा प्रश्न अर्थातच परत आला, आणि तो सोडवल्याशिवाय कापलेला पाइप पुढच्या सुट्टीत पुन्हा कुणीतरी वाढवणार हे उघड होतं. तोंडाला वळण देऊन पाणी टाकीच्या भिंतीवरून घसरत पडेल असं केलं, पाइपाच्या क्लॅम्पखाली रबर घातलं, आणि पंपाला टायमर लावून टाक्या शाळा भरण्याआधी व मधल्या सुट्टीत भरायची सोय केली. वर्गाच्या वेळात पंप फक्त पातळी फारच उतरली तर लागतो.

मग खाली. एमसीबी पाडला, पाटी लावली, टेस्टरने पंपाच्या तारा पाहिल्या, दोन बादल्या ठेवल्या आणि युनियन हळूहळू सैल केलं. पितळी झडपेखाली टेफ्लॉन टेपचा गुंडाळलेला तुकडा आणि गंजाची खपली अडकली होती. टेप वरच्या एल्बोच्या जोडावरून आली होती. पाइप वाढवताना टेप आट्याच्या अगदी टोकापासून गुंडाळली, तिची कड आत लोंबत राहिली, तुटली आणि पंप थांबल्यावर खाली येऊन झडपेवर बसली. टेप लावताना पुढचे एक-दोन आटे मोकळे सोडायचे ते याचसाठी. टेप काढून झडप साफ केली असती तर काम चाललं असतं का? झडप टेकते त्या बैठकीवर नख फिरवल्यावर चीर लागत होती, म्हणून व्हॉल्व्ह नवा घातला. स्प्रिंगवाला, बाण वरच्या दिशेला. त्याच्या वर एक गेट व्हॉल्व्ह वाढवला, म्हणजे पुढच्या वेळी पाइप रिकामा करावा लागणार नाही.

ओव्हरफ्लोचा पाइप चेंबरमधून बाहेर काढला. आता तो फरशीवर, येता-जाता दिसेल असा संपतो, तोंडाला बारीक जाळी. गटाराशी थेट जोड ठेवणं तसंही धोक्याचं होतं. चेंबर तुंबला असता तर तेच पाणी उलटं पिण्याच्या हौदात आलं असतं. या प्रकरणातला हा सर्वांत गंभीर दोष होता, आणि गळती झाली नसती तर तो कुणाला दिसलाही नसता.

उरलेले चाळीस लिटर

हे फ्लशच्या टाक्यांत असणार असा अंदाज होता, कारण फ्लशचं गळणं आवाज न करता, भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखं वाहतं. चोवीसही टाक्यांत खाण्याचा रंग चिमूटभर टाकला आणि वीस मिनिटं कुणालाही फ्लश ओढू दिला नाही. पाच भांड्यांत रंग उतरला.

त्यानंतरची चाचणी बरेच जण गाळतात आणि मग नको तो भाग बदलतात. अँगल कॉक (फ्लशच्या टाकीला पाणी देणारा कॉक) बंद करून टाकीच्या आत पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि अर्धा तास थांबायचं. पातळी उतरतच राहिली तर दोष तळाच्या रबरी सीलचा. ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली जरा उतरून थांबली तर सील ठीक आहे, पाणी भरणारा व्हॉल्व्हच बंद होत नाहीये. तीन टाक्यांत सील गेलं होतं. त्यांतल्या एकीत अर्ध्या तासात ५ सेंटीमीटर उतार होता. टाकीच्या मापाने १ सेंटीमीटरला ०.६ लिटर, म्हणजे तासाला ६ लिटर. तिघींचे मिळून १८. उरलेल्या दोघींत पाणी भरणारा व्हॉल्व्ह अडला होता, वजाबाकीने त्यांच्याकडे वीसेक लिटर येतात.

सीलचं रबर कडक होऊन कडेला चिरलं होतं. या टाक्यांत स्वच्छतेसाठी क्लोरीनच्या वड्या टाकल्या जात होत्या. वडी विरघळते आणि सील रात्रंदिवस तिच्या पाण्यात बुडलेलं राहतं. वड्या बंद केल्या, भांडी बाहेरून घासायला सांगितली. नवं सील बसवण्याआधी बैठकीवरचा क्षार व्हिनेगरच्या फडक्याने पुसून काढला, नाहीतर नवं रबरही त्याच खडबडीत कडेवर बसून महिन्याभरात गळतं. व्हॉल्व्हच्या जाळीत टाकी धुताना सुटलेली रेती होती. अँगल कॉक बंद करून जाळी काढली, उलट्या बाजूने धुतली, पुन्हा बसवली. भाग बदलावा लागला नाही.

पुढच्या शनिवारी रात्री पूर्ण मोजणी पुन्हा केली. हौद जागच्या जागी, गच्चीवर अर्धा सेंटीमीटर घट. बारा तासांत सुमारे २५ लिटर, तासाला दोन. तेही शोधलं. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत एका बेसिनचा नळ बारीक धारेने वाहत होता. मापाच्या नळीत मिनिटाला ३३ मिलिलिटर भरले, म्हणजे तासाला बरोबर दोन लिटर. ज्या मजल्यावरचे वॉशर पहिल्या आठवड्यात बदलले नव्हते त्यावरचाच हा नळ.

हिशेब जुळतो का, हेही पाहिलं. उलटं येणारं पाणी फक्त शाळा बंद असताना वाया जायचं: चार रात्रींचे १४ तास आणि शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळचे ६२, एकूण ११८ तास, तासाला ६० लिटरने ७,०८० लिटर. फ्लशचे ३८ लिटर आठवड्याच्या १६८ तासांचे, ६,३८४. नळाचे ३३६. बेरीज १३,८००, म्हणजे वहीतल्या १४ घनमीटरच्या अगदी जवळ. बेरीज तीन-चार हजारांनी कमी पडली असती तर कुठेतरी अजून एक गळती आहे असं धरून शोध चालू ठेवावा लागला असता.

दुरुस्तीनंतरच्या दोन आठवड्यांत मीटरने ६० आणि ६१ घनमीटर दाखवले. वहीत आता मीटरच्या शेजारी दोन रकाने वाढले आहेत: शुक्रवारी संध्याकाळची आणि सोमवारी सकाळची गच्चीवरच्या टाकीची पातळी. टाकीच्या झाकणावर आतून रंगाने लिहिलं आहे, «पाइप खाली वाढवू नये», आणि खाली कारण एका ओळीत. टाकी धुणारी माणसं दर वेळी वेगळी असतात, वही त्यांच्या हातात जात नाही, झाकण मात्र उघडावंच लागतं.